गाडीत आधी बोलायचं नाही

वर्ना मेह्यूला गप्प बसता येत नाही, हे तिच्या आईपासून चर्चच्या पाद्रीबाबापर्यंत सगळ्यांनी तिला आपापल्या परीने सांगून पाहिलं होतं. दोन नवरे तर सांगता सांगता दमले आणि निघून गेले. अशा बाईला स्लगांच्या, म्हणजे परक्या मोटारीतून मुकाट जाणाऱ्यांच्या, रांगेत नेऊन उभं करणं म्हणजे खरं तर धाडसच. ते शेजारच्या बर्ल हॅचरने केलं, आणि केलं ते चांगल्या मनाने केलं.

झालं होतं असं, की वॉशिंग्टनमधलं भाडं झेपेना म्हणून वर्ना नदी ओलांडून खाली व्हर्जिनियात, वुडब्रिजला राहायला आली. घर स्वस्त मिळालं, पण कचेरी लांब पडली. बस महामार्गावर गोगलगायीसारखी सरकायची आणि वर्ना रोज धापा टाकत उशिरा पोचायची. एका सोमवारी साहेबीणबाईंनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. दार लावून घेतलं की समजायचं, आता पुढचं बोलणं नोकरीवरून काढण्याचं असणार.

"बसचा नाद सोड," हॅचर कुंपणावरून म्हणाला. पेंटागॉनमध्ये त्याची उभी हयात गेली होती. आधी गणवेशात, मग साध्या कपड्यात. "उद्या सकाळी माझ्याबरोबर रांगेत चल."

"कोणाच्या तरी अनोळखी गाडीत जाऊन बसू? मिस्टर हॅचर, माझी आई थडग्यातून उठून येईल!"

"येऊ दे की. तुम्ही दोघी आणि चालवणारा, झाले तीन. गाडी लागली जलद रस्त्याला!"

हे त्याचं खरंच होतं. महामार्गाच्या मधोमध दोन भिंतींच्या आतून जाणारा तो जलद रस्ता तिघं असल्याशिवाय कोणाच्या बापाला मिळत नाही. मोटारवाल्याला दोन डोकी हवीत, पायी माणसाला गाडी हवी. म्हणून पहाटे अंधारात लोक वाहनतळावर रांग लावतात, मोटारवाला काच खाली करून "पेंटागॉन!" नाहीतर "चौदावा रस्ता!" अशी जायच्या ठिकाणाची हाळी देतो, पुढची दोघं आत बसतात आणि गाडी निघते. कोणी कोणाला पैसा देत नाही, नाव विचारत नाही. यालाच स्लगिंग म्हणतात आणि रांगेतल्याला स्लग.

रस्त्याने चालता चालता हॅचरने तिला रीत शिकवली. खायचं नाही. काच वरखाली करायची नाही. फोनवर बोलायचं नाही. उतरताना आभार मानायचे. रांगेत बाई एकटी मागे उरत असेल तर तिला एकटी टाकून जायचं नाही, मग कितीही उशीर होवो. "आणि सगळ्यात मोठं," तो थांबून म्हणाला, "गाडीत आधी बोलायचं नाही. चालवणारा बोलला तर उत्तर द्यायचं. नाही बोलला तर तोंडाला कुलूप. जमेल?"

"न जमायला काय झालं!" वर्ना म्हणाली. हॅचरने तिच्याकडे असं पाहिलं, की ती स्वतःच हसली.

पहिले काही दिवस तिने जिभेला कसं आवरलं ते तिचं तिला ठाऊक. अर्ध्या तासात शहर यायचं, हे सुख. पण गाडीत सगळे मयताला आल्यासारखे बसायचे. कोणाच्या आरशाला बाळाचा मोजा टांगलेला असायचा, कोणाच्या डोळ्यांत पाणी असायचं, आणि विचारायची सोय नाही. कचेरीत पोचली की पहिला तासभर तिच्या तोंडाचा पट्टा चालायचा. साहेबीणबाई मात्र खूश, कारण वर्ना आता सगळ्यांच्या आधी येत होती.

ऑक्टोबरात एकदा तिच्या वाट्याला एक जुनी तपकिरी ब्युइक मोटार आली. मागच्या एका सीटचा पट्टा तुटलेला, म्हणून चालवणारा दोघांनाच घ्यायचा. वर्ना पुढे बसली. मागे लाल लोकरी टोपीवाला एक म्हातारा बसला. रांगेत तो रोज असायचा, टोपी काढल्याशिवाय कधी आभार मानायचा नाही. चालवणारा पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, दाढी नीट केलेला. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता, पण पायांत जाड तळाचे काळे बूट होते. असल्या शर्टावर असले बूट कोण घालतं, हे वर्नाच्या मनात आलंच. विचारायचं नव्हतं.

जलद रस्त्याला लागून थोडा वेळ झाला आणि चाकं कडेच्या खाचांवर गेली. घर्र आवाज आला. चालवणाऱ्याने गाडी सावरली. वर्नाने तिरक्या नजरेने पाहिलं. माणसाच्या पापण्या खाली येत होत्या, वर जात होत्या, पुन्हा खाली येत होत्या. मान हळूच पुढे झुकली. भिंत तिच्या बाजूला होती, आणि ती जवळ येत होती.

तिने मागे पाहिलं. टोपीवाल्याने पेपर तोंडासमोर धरलेला. वर्नाने तोंड उघडलं.

"तुम्हाला भोपळ्याचा पाय खायला आवडतो का हो, तो भट्टीत भाजलेला, गोड?"

चालवणारा दचकून ताठ बसला. मागचा पेपर खाली आला. चर्चमध्ये कोणी शिटी मारावी तसा टोपीवाल्याचा चेहरा झाला.

"अं? काय म्हणालात?"

"पाय! भोपळ्याचा! माझी बहीण त्यात मिरपूड घालते. सांगा, कोण घालतं मिरपूड? तिच्या सासूने तो खाल्ला आणि..." मग वर्ना थांबलीच नाही. पेंटागॉन आलं. टोपीवाला टोपी काढून, आभार मानून उतरला, आणि दार लावण्याआधी तिच्याकडे एकदा नीट पाहून गेला.

पूल ओलांडायच्या आधी वर्नाने आवाज खाली आणला. "तुम्ही झोपला होतात."

सिग्नलला थांबल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड चोळलं.

"रात्री गोदामावर पहारा करतो," तो म्हणाला. "सकाळी सुटलो की गाडीतच शर्ट बदलतो आणि इकडे येतो. दिवसाची नोकरी आहे म्हणून विमा आहे. रात्रीची आहे म्हणून घर आहे. बायकोला अर्धांगवायू झालाय. यातली कुठली सोडू ते तुम्ही सांगा, मी आज सोडतो."

सिग्नल सुटला आणि गाडी पुलाकडे निघाली.

"रांगेत हे कळलं तर माझ्या गाडीत कोणी बसणार नाही," तो म्हणाला. "दोन माणसं नाही मिळाली तर मला साध्या रस्त्याने यावं लागेल. मग मी वेळेवर पोचणार नाही, आणि मग गेलंच सगळं. जानेवारीत माझी मेहुणी राहायला येतेय, मग रात्रीचं काम सोडणार आहे. तेवढं कोणाला सांगू नका, मॅम. तुमचे उपकार होतील."

"तोवर भिंतीत घातलीत म्हणजे?"

"नाही घालणार." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही बोलत होतात तेव्हा मी जागा होतो."

आता वर्नाच्या जागी दुसरी कोणी शहाणी बाई असती तर तिने उतरून सरळ हॅचरला सांगितलं असतं. पण त्या एका वाक्याने वर्ना विरघळली. आजवर तिला सगळ्यांनी गप्प बस म्हटलं होतं. तू बोललीस म्हणून मी वाचलो, असं म्हणणारा हा पहिलाच. तिने शब्द दिला, कोणाला सांगणार नाही. आणि एक तोडही काढली, की रोज पुढच्या सीटवर तीच बसेल, आणि बोलेल.

त्याचं नाव रॉयस टिबेट्स. स्लगने नाव विचारायचं नसतं, पण एव्हाना रीत धाब्यावर बसलीच होती. तो तिला मिस वर्ना म्हणू लागला. सकाळी तपकिरी ब्युइक दिसली की वर्ना रांगेतल्या पुढच्याला म्हणायची, "मला जाऊ देता का?" आणि तो आनंदाने जाऊ द्यायचा, कारण त्या गाडीत बडबड असते हे एव्हाना सगळ्या तळावर माहीत झालं होतं. टोपीवाला मात्र कधी ती गाडी टाळायचा नाही. तो बहुतेक वेळा मागे असायचाच. पेपर उघडायचा, आणि गाडी पेंटागॉनला पोचेपर्यंत पान उलटायचा नाही.

वर्नाने काय काय सांगितलं! पहिला नवरा सशांचा व्यापार करायला निघाला आणि ससे कुंपणाखालून पळून गेले, ते. दुसरा नवरा उताणा झोपून घोरायचा म्हणून तिने त्याच्या सदऱ्याच्या पाठीला चेंडू शिवला, ते. साहेबीणबाईंच्या केसांच्या टोपाची गोष्ट. रॉयस हसायचा, प्रश्न विचारायचा, आणि पापण्या जड झाल्या की स्वतःच म्हणायचा, "मिस वर्ना, मोठ्याने बोला." रात्री झोपण्याआधी ती उद्याची गोष्ट ठरवून ठेवू लागली. सकाळी उठावंसं वाटू लागलं, जरा नीटनेटकं राहावंसं वाटू लागलं. धोका आहे हे तिला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि तरी ती सुखात होती. हे तिने पुढे स्वतःपासूनही लपवलं नाही.

हॅचर एकदा कुंपणापाशी येऊन उभा राहिला. चेहरा लांब.

"वर्ना, लोक मला बोलतात. 'ती तुझी बाई म्हणजे गाडीत रेडिओ लावल्यासारखी आहे' म्हणतात. मी आणलं तुला तिथं. माझं नाक कापू नकोस गं."

"त्याला चालतं, मिस्टर हॅचर. तोच बोलायला सांगतो."

"तो सभ्य आहे म्हणून सांगत असेल."

तेव्हा सांगता आलं असतं. कुंपण होतं, माणूस भरवशाचा होता, आजूबाजूला कोणी नव्हतं. वर्नाच्या ओठांवर आलंही. पण सांगितलं तर हॅचर गप्प बसणारा नव्हता. उद्यापासून ब्युइक रिकामी, रॉयसची नोकरी गेली, आणि वर्ना पुन्हा कोणाच्यातरी गाडीत तोंड शिवून बसलेली. "बरं, जरा कमी बोलेन," एवढं म्हणून ती आत गेली.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी धुकं इतकं होतं, की तळावरचे दिवे नुसते पिवळे डाग दिसत होते. निम्मे लोक रजेवर. पेंटागॉन आणि शहराच्या रांगेत तिघंच होते. पुढे हॅचर, मग टोपीवाला, मग वर्ना. शेजारी क्रिस्टल सिटीच्या रांगेत एकटी एक मुलगी उभी होती. विशीतली, नवीन कोट, हातात डब्याची पिशवी. नोकरीचा पहिलाच आठवडा असावा.

एक पांढरी व्हॅन तिच्यापाशी येऊन थांबली. आतला माणूस काहीतरी म्हणाला, मुलीने मान हलवली, व्हॅन गेली. मग फेरी मारून पुन्हा आली. मुलगी मागे सरकत सरकत वर्नाजवळ आली.

"मॅम, तो म्हणतो एकटीच बस, दुसरं कोणी नको. रांगेत असं असतं का?"

"मुळीच नसतं!" वर्ना कडाडली आणि व्हॅनच्या दिशेने हात उगारून चार शब्द असे बोलली, की ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. व्हॅन धुक्यात गेली. मुलीने वर्नाची बाही धरली होती ती सोडलीच नाही.

इतक्यात ब्युइक आली. काच खाली झाली. "पेंटागॉन! चौदावा रस्ता!"

वर्नाने पाऊल टाकलं. बाही ताणली गेली.

"मॅम, माझी गाडी येईपर्यंत थांबाल का? प्लीज. तो परत आला तर?"

"मी थांबतो तिच्यापाशी," टोपीवाला म्हणाला. वर्नाने त्याचा आवाज पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. "तुम्ही जा. तुमची गाडी आहे ती."

मुलीने त्याच्याकडे पाहिलं. तोही अनोळखी पुरुषच. तिची बाहीवरची पकड घट्ट झाली. हॅचरच्या ते लक्षात आलं.

"नाही, बाईच बरी आत्ता," तो म्हणाला. "वर्ना, तू थांब. आम्ही दोघं जातो. रीत आहे ती."

वर्ना ब्युइककडे वळली. रॉयसचे डोळे लाल झाले होते. दाढीही नीट केलेली नव्हती. सुट्टीच्या आदल्या दिवशी गोदामात माल उतरत असतो, म्हणजे रात्रभर बसायलाही मिळालं नसणार. हॅचर पुढचं दार उघडत होता. टोपीवाला मागे बसत होता.

"मिस्टर हॅचर!" ती म्हणाली. "त्याच्याशी बोला. पूर्ण रस्ताभर बोला, काय?"

हॅचर हसला. "अगं, तुझं काम मला कसं जमेल?"

"मस्करी नाही. बोला त्याच्याशी!"

रॉयसने तिच्याकडे पाहिलं. ती नजर वर्ना मरेपर्यंत विसरणार नाही. हात जोडावेत तशी होती ती. "आज ठीक आहे मी, मिस वर्ना," तो म्हणाला.

एक शब्द. 'झोपतो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तीन माणसं तिच्याकडे बघत होती, चौथी बाही धरून उभी होती, आणि आयुष्यभर नको तिथे बोललेली वर्ना मेह्यू तिथे बोलली नाही. दारं लागली. ब्युइक धुक्यात गेली.

मुलीला क्रिस्टल सिटीची गाडी मिळाली, तिच्यात एक बाई होती. मग वर्नाला एक गाडी मिळाली. चालवणारा तरुण होता आणि गाणं लावून होता. जलद रस्त्यावर बरंच अंतर गेल्यावर पुढचे सगळे लाल दिवे लागले. गाड्या थांबल्या. त्या रस्त्याला बाजूने भिंती, मागे वळायची सोय नाही. जे पुढे असेल त्याच्या शेजारूनच जावं लागतं.

"कोणीतरी आपटलेलं दिसतंय," तरुण म्हणाला आणि त्याने गाणं बंद केलं.

हळूहळू गाड्या एकेक करून कडेने सुटू लागल्या. निळे दिवे दिसले, मग आडवी उभी असलेली बस, मग भिंतीला नाक लावून फिरलेली तपकिरी गाडी. मागून बस आदळून तिचा मागचा भाग राहिलाच नव्हता. रॉयस भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता, अंगावर कोणीतरी घोंगडं टाकलं होतं. पाय समोर पसरलेले, काळे बूट. रस्त्यावर एक लाल टोपी पडली होती आणि एक पोलीस तिच्या बाजूने, पाय न लागू देता, चालत होता.

"थांबवा! गाडी थांबवा!" वर्ना ओरडली. तरुणाला इथे थांबता येत नव्हतं.

हॅचरच्या बरगड्या आणि मांडीचं हाड मोडलं होतं. इस्पितळात त्याला भेटायची परवानगी मिळाली तेव्हा थँक्सगिव्हिंग होऊन गेलं होतं. वर्ना खुर्चीच्या टोकावर बसली. हॅचर छताकडे बघत होता.

"मला दिसलं, वर्ना," तो म्हणाला. "त्याची मान खाली गेली ते मला दिसलं. आणि मी काय केलं ठाऊक आहे? खाकरलो. दोनदा. वाटलं, सभ्य माणूस आहे, त्याला समजेल. हात लावणं बरं दिसत नाही, बोलणं बरं दिसत नाही. इतकी वर्षं लोकांच्या गाडीत बसतोय, तोंडातून शब्द येईना. खाकरलो, जणू कोणाच्या घरी मला आणखी मीठ हवं होतं!"

तो हसायला गेला आणि कळ येऊन थांबला. वर्नाने पाण्याचा पेला पुढे केला. त्याने घेतला नाही.

"तू म्हणालीस, त्याच्याशी बोला. मी इथे पडल्या पडल्या तेच घोळवतोय. मला मस्करी वाटली. मस्करी होती का?"

"नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं."

"होतं," वर्ना म्हणाली. "तो रोज झोपायचा. मी त्याला जागं ठेवायला बोलत होते. मी त्याला शब्द दिला होता कोणाला सांगणार नाही म्हणून. त्याची बायको..."

"त्याला शब्द दिलास. आणि मला? मी तुला हाताला धरून त्या रांगेत नेलं."

वर्नाला रडू आलं. हॅचरने तिला रडू दिलं. तो वाईट माणूस नव्हता, पण समजूत घालण्याइतका चांगलाही त्या दिवशी नव्हता.

"मागे बसला होता त्याचं नाव लाइल बेनिंग," तो म्हणाला. "मला पोलिसांनी सांगितलं. किती वर्षं त्याच्या पुढेमागे उभा होतो, नाव माहीत नव्हतं. डेल सिटीत घर आहे. बायको आहे. मला सांगून काय होणार आहे, वर्ना? मी निदान जिवंत आहे. तिला जाऊन सांग."

"पोलिसांनी तिला सांगितलंच असेल, की तो झोपला."

"ते सांगितलंय. तुला माहीत होतं, हे कोणी सांगितलंय?"

डेल सिटीतलं ते घर उतारावरचं, एकमजली. वर्ना दारापर्यंत गेली, परत गाडीवाटेपर्यंत आली, पुन्हा गेली. मग घंटा वाजवली.

दार उघडलं ते सत्तरीच्या, बुटक्या बाईने. आर्डिथ बेनिंग. तिने आधी वर्नाच्या हातांकडे पाहिलं.

"बरं झालं बाई, काही आणलं नाहीस. फ्रीजमध्ये आता एका डिशलाही जागा नाही. ये आत, थंडी येतेय. चर्चमधून आलीस का?"

"नाही, मॅम. मी लाइलना... मी रांगेत असायचे. स्लगांच्या."

"अगं, मग बस ना!" म्हातारीचा चेहरा उजळला, आणि ते वर्नाला सहन होईना. "तिथलं अजून कोणीच आलं नाही. येणार तरी कसं, तुम्ही लोक एकमेकांची नावंसुद्धा विचारत नाही म्हणे. लाइल सांगायचा. गाडीत बोलायची बंदी, म्हणून सगळं साठवून आणायचा आणि संध्याकाळी माझ्यापुढे ओतायचा. हल्ली तर फारच. एक बाई होती म्हणे, ती गप्पच बसायची नाही. तो पेपर समोर धरून नुसता ऐकायचा. सशांची गोष्ट ऐकून आम्ही दोघं इतके हसलो, इतके हसलो, की त्याला ठसका लागला. माझ्या पाठीत शिवलेला चेंडू शोधायचा रोज रात्री, वेडा कुठला!" तिने डोळे पुसले. "तुला माहीत असेल ती बाई. तिला सांगशील का माझा एक निरोप? म्हणावं, शेवटचे दोन महिने त्याचे फार छान गेले."

वर्ना अजून उभीच होती. कोटाचं बटण तिने इतकं पिळलं होतं, की ते हातात आलं. गप्प राहणं तिला आयुष्यात इतकं सोपं कधी झालं नव्हतं. निरोप घ्यायचा, कॉफी प्यायची, आणि निघून जायचं.

"ती मीच," ती म्हणाली. "मॅम, मी का बोलत होते ते ऐका. तो माणूस झोपू नये म्हणून बोलत होते. मला ऑक्टोबरपासून माहीत होतं. मी कोणालाच सांगितलं नाही. लाइलनासुद्धा नाही. त्या सकाळी ते माझ्या समोर गाडीत बसले आणि मी त्यांना सांगितलं नाही."

आर्डिथने खुर्चीची पाठ धरली. स्वयंपाकघरात कॉफीचं भांडं गुरगुरत होतं. ते थांबलं. म्हातारीचा चेहरा हळूहळू बदलला, हसू आधी गेलं, मग रंग गेला. वर्नाला वाटलं, आता ती किंचाळेल, दार दाखवेल. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"तो बसला तेव्हा काही म्हणाला?" आर्डिथने विचारलं.

"ते आधी म्हणाले, मी थांबतो, तुम्ही जा. एका मुलीपाशी थांबायचं होतं. ते थांबणार होते, मॅम. पण थांबले मीच."

आर्डिथ खुर्चीत बसली. समोरच्या खुर्चीकडे तिने बोट केलं. ती खुर्ची लाइलची असावी, तिच्या हातांवर कापड झिजलेलं होतं. वर्नाला तिथे बसवेना.

"बस," आर्डिथ म्हणाली. आवाजात ना राग होता ना माया. "बस, आणि सगळं सांग. पहिल्या दिवसापासून. तो मला गमतीचं तेवढंच सांगायचा. राहिलेलं तू सांग."

वर्ना बसली. तिने तोंड उघडलं, आणि कुठून सुरुवात करायची तेच तिला सुचेना. आर्डिथ वाट बघत राहिली.